अर्ध्या चित्राची पत्रिका

दिवा राहू दे, ते दार तेवढं लोटून घे. हं. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय, तेव्हा मध्येच हसायचं नाही.

साडू छापखान्यात प्रूफं तपासतो. नाद एकच, जुन्या नाटकांच्या पत्रिका जमवायच्या. खेळाला आलेल्यांना वाटायचे ना, वर चित्र आणि आत नटांची नावं, त्या. त्याची बायको म्हणते, "मला कधी एवढं निरखून पाहिलं नाहीत!"

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. एका जुन्या चित्रकाराच्या मुलीने त्याला बोलावलं. बाई सत्तरीच्या, एकट्या. वडील जाऊन तीस वर्षं झालेली, त्यांच्या चित्रांच्या पत्रिका माडीवर पडून होत्या. हा काम आटोपून साडेसातला पोचला. मोबाइल खाली चार्जिंगला लावला आणि वर गेला.

बाई म्हणाल्या, "हव्या त्या घ्या. स्टुलावरची मात्र राहू द्या. तिच्यावरचं चित्र बाबांच्या हातून अर्धं राहिलंय."

शंभरेक पत्रिका होत्या. साडू हरखून गेला. पण नजर सारखी स्टुलाकडे. ती छापलेली नव्हतीच, हाताने केलेला नमुना होता. पडदा, झगा घातलेला नट, सगळं कोळशाने रेखलेलं. चेहरा तेवढा कोरा. साडू माणूस सरळ, पण त्या क्षणी त्याची मती फिरली. त्याने ती शर्टाच्या आत सरकवली.

दाराशी गेला. दार उघडेना.

हाका मारल्या. दार बडवलं. खिडकीला गज. खालचा रेडिओ वर ऐकू येत होता, याचा आवाज मात्र खाली जात नव्हता. मग रेडिओ बंद झाला. साडेनऊला दिवा गेला.

आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बसा."

नाही गं, बाई नव्हत्या. पुरुषाचा आवाज.

"बसा... चेहरा राहिलाय."

पाय आपोआप मागे सरले. तो स्टुलावर बसला. अंधारात कागदावर कोळसा घासायला लागला. खर्र... खर्र... थांबायचा. पुन्हा खर्र.

त्याने पत्रिका काढून पुढे धरली. "घ्या. चुकलो मी. जाऊ द्या मला."

कोणी घेतली नाही.

मान अवघडली. जराशी वळवली.

"हलू नका."

तो हलला नाही. कुठेतरी बाराचे टोले पडले. एकचा पडला. पापणीसुद्धा... नाही. मग हनुवटीला गार काहीतरी लागलं. चेहरा हळूच डावीकडे वळला.

त्याने नाही वळवला.

...

सकाळी खाली मोबाइल वाजत राहिला, म्हणून बाई वर आल्या. दार नुसत्या बोटाने उघडलं. "अहो, मला वाटलं तुम्ही रात्रीच गेलात! या दाराला बाहेरून कडीच नाही."

पत्रिका त्याच्या मांडीवर होती. चित्रातला चेहरा कोराच. बाईंनी ती उचलली, बराच वेळ पाहिली.

"झालं नाही वाटतं," एवढंच म्हणाल्या.

साडू रिकाम्या हाताने घरी आला. बायको दारातच म्हणाली, "हनुवटीला काय लावून आलात?"

आरशात पाहिलं. कोळशाचे डाग. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं. त्याने त्यांवर स्वतःचा हात ठेवून पाहिला.

बसेना. ती बोटं फार लांब होती.