तीर्थाचं धुवण

मुलगी सासरी जायची तर लग्नाच्या आदल्या दिवशी आईने तिचे हात धुवायचे, अशी रीत पडली होती. आणि एकदा धुतले की आईने त्या हातांना पुन्हा हात लावायचा नाही.

वाईच्या शर्वरीताईंनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं. त्यांचेही हात त्यांच्या आईने असेच धुतले होते. पुढे ती माउली गेली, तेव्हा ताईंनी तिच्या पायांना हातभर अंतरावरून नमस्कार केला होता.

औषधं थकली तेव्हापासूनची ही रीत. साध्या काट्याने माणसं दगावू लागली, गोळ्या आणि इंजेक्शनं पाण्यासारखी वाया जाऊ लागली. तेव्हा शास्त्रज्ञांनी एक जिवाणू घडवला. तो हातावर वस्ती करायचा, तिथून हळूहळू अंगभर पसरायचा आणि बाहेरून येणारा रोगजंतू कातडीवरच मारून टाकायचा. पक्षीण पिल्लांवर पंखांची पाखर घालते ना, तशी ही हातावरची पाखर. नावही तेच पडलं. पाखर एका हातावरून दुसऱ्या हातावर चढायची, एका घरचं विरजण दुसऱ्या घरच्या दुधाला लागतं तशी.

पण विरजण जसं घरोघरचं निराळं, तशी पाखरही घरोघरची निराळी झाली. त्या घरचं पाणी, तिखट-मीठ आणि घाम यांवर ती पोसली आणि आपलं कोण हे शिकली. मग जे आपलं नाही ते तिला शत्रूच वाटू लागलं. परक्या घरचा हात चुकून घासला तर चुरचुरायचं, धरून ठेवला तर फोड यायचे. म्हणून लोक पुन्हा लांबून नमस्कार करायला लागले, आणि म्हाताऱ्या म्हणाल्या, बघा, आमचंच खरं होतं.

सुनेची पाखर मात्र बदलावीच लागे. त्याला हातपालट म्हणत. आईने आपल्या हाताने घरी केलेलं धुवण मुलीच्या हातांवर ओतायचं, म्हणजे माहेरची पाखर मरते. हातावरची गेली की अंगावरचीही दोन-चार दिवसांत सुकते. लग्नाच्या दिवशी सासूने आपले तळवे तिच्या तळव्यांवर ठेवायचे, की सासरची चढते. कातडी ही दुसरी पाखर एकदाच घेते. तिसरी घेत नाही.

नीरजा ही ताईंची एकुलती एक. तिच्या लग्नाच्या आदल्या सकाळी ताई सोवळ्यात धुवण करायला बसल्या. तीन वाट्या स्पिरिट, एक वाटी कोरफडीचा गर, चमचाभर ग्लिसरीन. कोरफड परसातलीच. पान चिरून त्यांनी पिवळा चीक निथळून टाकला, गर फडक्यातून गाळून घेतला.

"आई, ग्लिसरीन कशाला गं? चिकट होईल," उंबऱ्यावर बसून नीरजा म्हणाली.

"होऊ दे. नुसत्या स्पिरिटने सालं निघतात हातांची. उद्या सगळे हात बघायला येतील, आणि तुझे गवंड्यासारखे?"

"तूच लाव ना मग मऊ मऊ तेल."

"आज लावते," ताई म्हणाल्या.

रोज नदीच्या मातीचं शिवलिंग करायचं, त्याला अभिषेक करायचा आणि ते तीर्थ घेतल्याशिवाय पाणीही प्यायचं नाही, असं त्यांचं व्रत होतं. नीरजाच्या जन्माआधीपासून ते कधी मोडलं नव्हतं. त्या दिवशीच्या तीर्थाचा गडू देवापुढे होता. मंगलकार्याचं धुवण, त्यात देवाचं काही नको? त्यांनी गडू उचलला आणि पळीभर तीर्थ पातेल्यात घातलं. मग आणखी पळीभर. मग गडूच कलता केला.

स्पिरिटचा नाकात चढणारा वास मवाळ झाला. तो मवाळ झालेला ताईंना कळला. त्यांनी गडू आणखी कलता केला.

दुसऱ्या दिवशी नीरजाच्या सासूबाईंनी, कराडच्या माधवीबाईंनी, रिवाजाप्रमाणे सुनेच्या हातांना येणारा धुवणाचा वास घेतला.

"बेलाचा वास येतो हो, विहीणबाई."

"सोवळ्यातलं आहे."

"मग प्रश्नच मिटला," माधवीबाई हसून म्हणाल्या आणि पदर सावरून सुनेसमोर बसल्या.

संक्रांतीला नीरजा माहेरी आली. वाण देताना तिच्या बोटांची टोकं आईच्या बोटांना लागली. दोघींनी श्वास धरला. चुरचुरलं नाही. तळवा लागला असता तर चटका बसला असता, पण बोटांच्या टोकांना काहीच झालं नाही. त्या दिवसापासून मायलेकी चोरासारख्या बोटांची टोकं जुळवून बसायच्या. देवाने आपल्याला तेवढा प्रसाद दिला, असं ताई मनाशी म्हणायच्या. कुणाला सांगितलं मात्र नाही.

बाळंतपण सासरीच व्हायचं. जन्मल्याबरोबर आईचा हात, म्हणजे सासरची पाखर, बाळाला लागावी म्हणून. नीरजाला मुलगी झाली. सगळ्या आया करतात तेच तिने आधी केलं, बोटांच्या टोकांनी बाळाची इवली बोटं मोजली, नाक चाचपलं, ओठ चाचपले. बराच वेळ ती तेच करत राहिली. मग तळव्यांत घेऊन छातीशी धरलं, आणि बाळ असं किंचाळलं की दाई धावत आली.

ताई कराडच्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा बाळ पालथं निजवलेलं होतं. त्याच्या पाठीवर आईचा पंजा उमटला होता. पाचही बोटं, लालभडक, टरारलेली.

डॉक्टर अबोली पेंढारकर पाखरेच्या तज्ज्ञ. बोलणं रोखठोक. त्यांनी नीरजाच्या नखांखालची खरवड काढून तपासली होती.

"हिच्या नखांखाली माहेरची पाखर जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "बाळाने तीच घेतली. आणि हिच्या तळव्यावर, अंगावर सासरची आहे. म्हणजे बाळाच्या लेखी आईच परकी. मोठ्या माणसाला फोड येतात, तान्ह्याचा जीव जातो. धुवण कुणी केलं होतं?"

"मी," ताई म्हणाल्या.

"प्रमाण सांगा."

ताईंनी सांगितलं. तीन वाट्या, एक वाटी, चमचाभर.

"हे तर बरोबर आहे. मग मेली कशी नाही? पाणी जास्त झालं की स्पिरिट जंतूंना मारत नाही, नुसती गुंगी आणतं. अर्धमेले नखांत लपून बसतात आणि बाळंतपणात कातडी मऊ झाली की उठतात. पाणी पडलं होतं का त्यात?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली. पाणी नव्हतंच ते. भिंतीला टेकून बसलेल्या नीरजाने एकदा आईकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"मग माझे हात पुन्हा धुवा," ती डॉक्टरांना म्हणाली. "आईची पाखर चढवा."

"तिसरी चढत नाही गं. तुझी पाळी संपली. बाळाची पालटावी तर तान्ह्या कातडीला धुवण सोसत नाही. कौस्तुभची शिल्लक आहे." डॉक्टर जावयाकडे वळल्या. "तुम्ही सासूबाईंची पाखर घेतलीत तर बापाला तरी बाळाला घेता येईल. सुनेनेच पालटायची असं निसर्गाने कुठे सांगितलंय?"

कौस्तुभने दोन्ही हात खिशात घातले. "विचार करायला हवा," तो म्हणाला. त्याच्या आईने विचार आधीच केला होता.

"म्हणजे मग तो माझ्या पाया कसा पडणार?" माधवीबाईंनी विचारलं.

बाळाला घ्यायला त्या खोलीत एकच माणूस उरलं होतं. ताईंनी हात पुढे केले. त्यांच्या तळव्यांत येताच बाळाचा हुंदका थांबला.

ताई बाळ-बाळंतिणीला वाईला घेऊन आल्या. डॉक्टरांनी नीरजाला रबरी हातमोजे दिले होते. बाळाला त्या रबराचा राग यायचा. ते अंग आखडून घ्यायचं आणि आजीचा हात शोधायचं. छातीशी घ्यायची तर सोयच नव्हती. नीरजा पाठमोरी बसून वाटीत दूध काढायची, हातमोजा घालून वाटी सरकवायची. त्यातली पाखर मरावी म्हणून ताई वाटी उकळत्या पाण्यात धरून दूध तापवायच्या, मग निववून बोंडल्याने पाजायच्या. तेल, न्हाणं, पावडर, काजळ, सगळं ताईंच्या हातांनी. नीरजा खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून बघायची.

"मान धर गं," ती तिथून म्हणायची.

"धरलीये."

"डावीकडे कलतीये."

"तुला वाढवलंय ना मी? का तू अशीच उगवलीस परसात?"

आधी आधी नीरजा हसायची. मग हसेनाशी झाली. एक दिवस बाळ पहिल्यांदा खुदकन हसलं, ते आजीकडे बघून. नीरजा उठून परसात गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात कोरफडीचं पान होतं. तिने ते आईपुढे ठेवलं.

"कर धुवण."

"कशासाठी?"

"उघडे हात झाले की मला तिला घेता येईल. पाखरच नाही म्हटल्यावर भांडण कुणाचं कुणाशी?"

"वेडी आहेस का? उघडा हात म्हणजे दार नसलेलं घर. डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना? पूर्वी लोक उघड्या हातांनी जगायचे, कारण तेव्हा औषधं चालायची. आता साधा ओरखडा उठला तरी..."

"मग ओरखडा उठेपर्यंत घेईन. सांभाळून राहीन. तासातासाने हात धुवीन, सुईला शिवणार नाही, विळीवर बसणार नाही. किती तरी वर्षं काढता येतील, आई."

"मी नाही करणार."

नीरजा ताईंसमोर मांडी घालून बसली, हातमोजे मांडीवर ठेवून.

"त्या दिवशी मी उंबऱ्यावरच होते. गडू भरलेला होता, मग रिकामा झाला. धुवण हातावर पडलं तेव्हा वासही आला मला. मी गप्प बसले, कारण मलाही तेच हवं होतं." तिचा आवाज जराही चढला नाही. "दवाखान्यातही मी गप्प बसले. आता तू माझं एवढं ऐक. आणि या वेळी तीर्थ घालू नकोस."

तीन वाट्या, एक वाटी, चमचाभर. ताईंनी मापं काठोकाठ भरली आणि दुसरं काही जवळ येऊ दिलं नाही. स्पिरिटच्या वासाने त्यांच्या डोळ्यांना धार लागली. नखं खुडून, कोरून, त्यांनी लेकीचे हात रगडून धुतले, स्वतः हातमोजे घालून. पाळण्यात बाळ होतं आणि पाळण्याच्या वर, देवळीत, शिवलिंग होतं. त्यांनी मनोमन त्याची क्षमा मागितली. आपण देवाचं तीर्थ लबाडीला वापरलं, म्हणून हे झालं. यापुढे एकही नेम चुकणार नाही, एकही दिवस-वार मोडणार नाही, असं त्या बोलल्या.

अंगावरची पाखर सुकायला थांबावं लागलं. ती पुरती सुकली तो शनिवार होता.

सकाळी बाळाला न्हाऊ घालताना ताईंना त्याची नखं दिसली. वाढली होती. कागदाच्या कडेसारखी पातळ आणि तशीच धारदार. कात्री कोनाड्यात होती. त्यांचा हात कात्रीपर्यंत गेला. पण शनिवारी नखं कापू नयेत, त्यात तान्ह्याची तर नाहीच. चार दिवसांपूर्वीच बोललेला शब्द. त्यांनी हात मागे घेतला आणि बाळाच्या मुठींवर मलमलच्या पिशव्या नाडीने घट्ट बांधल्या.

"उद्या कापते नखं. तोवर थांबतेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही थांबवत गं," नीरजा म्हणाली आणि तिने हात पसरले.

बाळ आईच्या उघड्या हातांत आलं. दोघींनी श्वास धरला. बाळ रडलं नाही. त्याने अंगाचा वास घेतला, तोंड फिरवलं, आणि त्याला छाती सापडली. नीरजा डोळे मिटून बसली होती. मग एका हाताने तिने पिशव्यांच्या नाड्या सोडल्या.

"राहू दे त्या," ताई पुढे झाल्या.

"मला तिचे हात हवेत, आई. मोजायचेत."

ताई तिच्याजवळ टेकल्या. लेकीच्या हातावर आता भांडायला कुणी नव्हतं. ताईंनी भीत भीत आपला तळवा तिच्या तळव्यावर ठेवला. चुरचुरलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तेल लावलं होतं, त्यानंतर हा तळवा आज हाती आला होता. तिघी एकमेकींना धरून बसल्या. ताईंनी देवाकडे जे जे मागितलं होतं ते सगळं त्या एका सतरंजीवर होतं.

पिणं आटोपलं, नीरजाने पदर सारखा केला, तेव्हा गळ्याखाली एक रेघ दिसली. केसाएवढी, लाल.

"नीरू, हे काय?"

"काही नाही गं. धरलं होतं तिने. किती घट्ट धरते, बघितलंस?" नीरजा हसत होती. खूप दिवसांनी.

ताईंनी तिचा हात सोडला नाही. दुपारभर तो त्यांच्या हातात होता, ऊबदार. दिवेलागणीला तो जरा जास्तच ऊबदार लागला. मग कढत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी पूजा झाल्यावर शर्वरीताईंनी कोनाड्यातली कात्री घेतली, आणि बाळाची नखं कापली.