पालकात तांबं आलं कुठून?

थंडी पडली की नागपुरात घरोघरी डाळभाजी होते. त्यामुळे वाडीला कौशल्याबाईंच्या मळ्यावर पालकाच्या शेवटच्या जुडीसाठी मी भांडले, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. भुरभुर पाऊस चालू होता. जुडीचे देठ माझ्या मुठीत आणि पानं एका उंच, सावळ्या मुलाच्या.

"मले डाळभाजीले पाहिजे जी," तो म्हणाला. "तुमाले?"

"वाळवायला. मग दळायला, मग आम्लात उकळायला. त्यात तांबं किती, शिसं किती, ते मोजायचंय मला."

त्याने जुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय घोडं मारलं जी या बिचाऱ्यानं तुमचं?"

मी हसले नाही. म्हणजे, हसू आलं होतं... पण दाबलं.

"अर्धी अर्धी घ्या अन् निंगा दोघं बी," कौशल्याबाईंनी जुडी सोडून दोन वाटे केले. "पाऊस वाढून राहिला."

सोमवारी लॅबमध्ये शिरले, तर समोरच्याच टेबलाशी तो उभा! अश्विन. संत्र्याच्या रसातली साखर मोजायला आलेला. त्याच्याकडे मोरचुदाचं निळंशार द्रावण असायचं. त्यात रस टाकून तापवला की निळा रंग जाऊन विटेसारखा लाल यायचा.

"पाह्यलं? साखर भेटली की निळं पाणी बी लाजते," तो म्हणाला.

"ती रासायनिक क्रिया आहे."

"लाजणं बी रासायनिकच असते वं, मुग्धा."

पहिल्याच दिवशी सलगीचं 'वं'! मी चष्मा सावरत पालक दळायला घेतला. दोन वेळा दळला, कारण पहिल्यांदा झाकणच लावलं नव्हतं.

आठवडे गेले. भांडी रात्रभर आम्लात बुडवायची आणि सकाळी शुद्ध पाण्याने विसळायची, हा माझा नेम. त्यापायी बोटं फाटली होती. पण हल्ली सकाळी येऊन बघावं, तर माझी भांडी चकचकीत होऊन लाकडी घोडीवर पालथी! आमचे लॅब अटेंडंट भैय्याजी किती मायाळू, असं मी मनात म्हणायचे.

आणि मग आकडे आले. कौशल्याबाईंच्या पालकात तांबं निघालं... भरपूर.

"मळ्याला लागून भंगारवाला तांब्यासाठी तारा जाळतो, कारण समोरच आहे," माझे गाईड मधुसूदन सर म्हणाले. "सोमवारी अन्न खात्याला अहवाल पाठवून टाकू."

अहवाल गेला की मळा संपला. जमीन गोदामवाल्याची, भाड्याची. त्याला तिथे ट्रक उभे करायचे होते आणि तो निमित्तच शोधत होता. मी कौशल्याबाईंना सांगायला गेले, तर त्या वाफ्यातलं तण निंदत होत्या. उठल्या नाहीत.

"माया पालकात जहर असन तं आजच उपटून टाकीन, पोरी. लोकायची लेकरं खातेत. पण तू पक्कं पाह्य. अंदाजानं नको सांगू."

पक्कं पाहायचंच, मी ठरवलं. मनीषनगरात आमच्या गच्चीवर कुंडीत पालक आहे, भंगारवाल्यापासून मैलोगणती लांब. तो तपासला, तर त्यातही तांबं! मग पालक घातलाच नाही. नुसतं आम्ल त्याच भांड्यांतून, त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेलं. तरी तांबं! सुरुवातीला हीच चाचणी स्वच्छ आली होती. म्हणजे पालकाचा दोष नव्हताच. भांड्यांचा होता.

"भैय्याजी, माझी भांडी कशाने धुता तुम्ही?"

"म्या काहून धुतो जी? म्या तं साडेदहाले येतो," भैय्याजी मिशीत हसले. "तुमी सकाळी लवकर येऊन पाहा एकदा."

दुसऱ्या दिवशी लवकर गेले. बेसिनशी पाठमोरा अश्विन, बाह्या दुमडलेल्या. एकाच टबात माझे चंबू आणि त्याच्या निळ्या-लाल परीक्षानळ्या... आणि ब्रशही एकच. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ की!

"अश्विन!"

त्याचे हात थांबले.

"कधीपासून चाललंय हे?"

"तू म्हटलं ना, आम्लानं बोटं फाटली म्हणून... तवापासून."

"अरे, केमिस्ट आहेस ना तू?"

"तुझ्या भांड्यापाशी आलो का केमिस्ट नाही राहत," तो टबाकडे बघत म्हणाला.

संतापाने माझी भाषाच बदलली. "तुले तोंडानं बोलता येत नव्हतं काय?"

"बोललो असतो, अन् तू नाही म्हटलं असतं तं? भांडे 'नाही' म्हणत नाहीत वं..."

मला त्याचा भयंकर राग आला होता आणि तो भयंकर आवडलाही होता. पण एका बाईचा मळा त्या टबात बुडत होता.

"ते नंतर," मी म्हटलं. "आधी कौशल्याबाई."

"सरांना मी सांगतो. चूक माझी आहे," तो म्हणाला आणि ओल्या हातांनीच सरांच्या खोलीत गेला. सरांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला. पण अहवाल थांबला.

सगळं पहिल्यापासून केलं. नवीन भांडी, नवा पालक. पालक वाडीहून अश्विनच आणायचा आणि दाराशी ठेवून मागे सरायचा. भांडी मी विसळायची. बोटं पुन्हा फाटली, तेव्हा एक दिवस पालकाच्या पिशवीत रबरी हातमोजे निघाले.

नवे आकडे आले. तांबं कुठल्याही पालकात असावं तेवढंच. भंगारवाल्याच्या भिंतीलगतच्या ओळीत मात्र जरा जास्त होतं. मी सांगताच कौशल्याबाईंनी ती ओळ उपटली आणि तिथे झेंडू लावला.

संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांसमोर एक भलीमोठी जुडी धरली. "बसा, दोन वाटे करून देतो."

अश्विन हळूच म्हणाला, "मुग्धा... ते 'नंतर' झालं का आता?"

"एक अट आहे. लॅबमधल्या माझ्या एकाही भांड्याला हात लावायचा नाही."

"कबूल."

"आणि घरची सगळी तू घासायची."

"घरची? कोणत्या घरची..." तो थांबला. मग त्याचे कान लाल झाले. थेट विटेसारखे!

कौशल्याबाई जुडीची गाठ सोडत होत्या. त्याने त्यांचा हात धरला.

"राहू द्या, मावशी. आता अर्धी कराचं कामच नाही."