चौथी पुरचुंडी

जन्मभूमीची ओढ माणसाला एक ना एक दिवस परत आणतेच. दोंग गुओलियांगच्या आईला ती ओढ अकरा वर्षं होती. तिला कुणी आणलं नाही. गुओलियांग मात्र आला. शनिवारी, बायको-मुलीसह, हस्तकलेच्या सहलीवर, दुपारच्या जेवणासकट.

त्सांगशान डोंगराखालचं हे रंगाऱ्यांचं गाव आईचं माहेर. "पुढच्या शनिवारी नक्की जाऊ," हे त्याने तिला इतक्यांदा सांगितलं होतं, की मार्चमध्ये ती वारली तेव्हाही पुढचा शनिवार शिल्लकच होता.

रंगारीण दुआन मावशींनी अंगणात तिघांना पांढरं कापड आणि सुती दोरा दिला. चुण्या पाडायच्या, करकचून बांधायचं, निळीच्या पिंपात सोडायचं.

"एकच नियम," त्या म्हणाल्या. "ज्याने गाठ मारली त्यानेच सोडायची. गाठ आपला हात ओळखते."

"बाबांना बुटाची गाठसुद्धा सुटत नाही," मुलगी शिन्यु म्हणाली.

"मारता तरी कुठे येते? डबासुद्धा सासूबाईच बांधून द्यायच्या," बायको पेइफेन म्हणाली आणि आपल्या कापडाच्या चुण्या पाडू लागली.

तीन पुरचुंड्या पिंपात गेल्या. तासाभराने मावशींनी काठीने चार काढल्या.

"कालची राहिली असेल कुणाची," गुओलियांग म्हणाला.

"पिंप आज सकाळी भरलंय."

चौथी मुठीएवढी होती. दोरा उलट्या अंगाने फिरवलेला. डावखुऱ्या हाताचं काम. त्यांच्या घरात डावखुरी एकच होती. भाताचा डबा ती फडक्यात असाच बांधायची, वर दोन पीळ जास्त, वाटेत सुटू नये म्हणून.

त्याने नखाने फास ओढला. फास आवळला. दुसरीकडून ओढला; आणखी आवळला. पाणी निथळून गेलं तरी पुरचुंडी हातात जड होत चालली.

"राहू द्या, तुमची नाही ती," मावशी म्हणाल्या. "उन्हात ठेवा."

"माझ्या आईची आहे."

असलं वाक्य पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला शोभणारं नव्हतं, पण तोंडातून गेलं. आत नक्षी असणार. पुरचुंडी आईने रागाने बांधलीय की मायेने, एवढंच त्याला पाहायचं होतं. ते विचारायचंही त्याने पुढच्या शनिवारावर टाकलं होतं.

"अहो, पाचची बस आहे," पेइफेन म्हणाली.

त्याने कात्री उचलली.

दोरा तुटला. आतून एक श्वास सुटला, जिना चढून आल्यावर आई सोडायची तसा.

शिन्युने मान वळवली. "आजी?"



कापड उघडलं. तासभर निळीत राहूनही ते आतून कोरडं होतं. आणि ऊबदार. कात्रीने दोऱ्याबरोबर नक्षीही मधोमध चिरली होती. त्याने दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. कडा एकमेकींना लागेनात.

हाताखाली ऊब निघून गेली.

मावशींनी तुकड्यांना हात लावला नाही. "घाई कशाला केलीत, दादा? दोरा वाळला की गाठ आपोआप सैल पडते. अर्धा तास लागतो."

पाचची बस साडेपाचला सुटली.