एकगंध

बोदलखिंडीच्या संशोधन केंद्रात डॉ. रेवती खानझोडेने एक काचेची कुपी संचालक डॉ. हरकरेंच्या टेबलावर ठेवली. चार वर्षं खपून तिने घडवलेले जीवाणू त्या कुपीत होते. बाहेरच्या जंगलात रानकुत्री मरत होती. गावकुत्र्यांकडून आलेल्या आतड्याच्या रोगाने बारांपैकी पाच कळप साफ झाले होते.

"लस टोचायची तरी कुणाकुणाला?" रेवती म्हणाली. "एक पकडेपर्यंत दहा मरतात. पण सर, ही जनावरं सारखी एकमेकांना चाटतात, पोटातलं ओकून पिलांना भरवतात. रोग त्याच वाटेनं पसरतो. मग औषधही त्याच वाटेनं जाऊ दे. एका मादीच्या पोटात हे रक्षक जीवाणू गेले, की आठवड्यात अख्खा कळप वाचतो."

"आणि एका कळपातून दुसऱ्यात?" हरकरेंनी विचारलं.

"हद्दीवरच्या खुणा ते हुंगतात, चाटतात. म्हणून हे जीवाणू शेपटीखालच्या गंधग्रंथीतही टिकतील असे मी केलेत."

हरकरे ताठ बसले. "तिथे आधीच जीवाणू असतात, रेवती. त्यांच्यामुळेच प्रत्येक घराण्याला स्वतःचा वास असतो. आईच्या जिभेवरून पिलाला मिळतो आणि जन्मभर राहतो. तुझे जीवाणू त्यांना हुसकून लावतील."

"लावतील. मग सगळ्यांना एकच वास येईल. मेलेल्यांनाही एकच वास येतो सर, दोन महिने मी तोच घेतेय."

हरकरेंनी परवानगीच्या कागदावर सही केली.

भिंगरी नावाच्या मादीला मांसाच्या तुकड्यातून जीवाणू दिले. कळपातलं प्रत्येक जनावर तिच्या तोंडाशी येई, म्हणून रेवतीने तिलाच निवडलं होतं. दोन महिन्यांत उरलेल्या सातही कळपांत ते पोचले. मरणं थांबली. त्यापाठोपाठ कुणी न मागितलेली गोष्ट घडली. हद्दीवरच्या मारामाऱ्या बंद झाल्या. कळप एकमेकांत मिसळले आणि साठ रानकुत्री एकाच पाणवठ्यावर शेजारी शेजारी लोळू लागली. वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली. दिल्लीच्या सत्कारात रेवती म्हणाली, "वैर त्यांच्या रक्तात नव्हतं, फक्त नाकात होतं." टाळ्या थांबेनात.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत श्यामराव मडावी केंद्राच्या पायरीवर येऊन बसला. तीस वर्षं तो या जंगलात माग काढत होता.

"बाई, बिळं रिकामी हायेत. मागच्या साली बी रिकामीच होती."

"आजारातून उठलेत, श्यामराव. अजून ताकद आली नसेल."

"ताकद? परवा सांबर लोळवलं त्यांनी." तो थोडा घुटमळला. "मी दोन हंगाम पाहून राह्यलो. मादी माजावर येते. नर जवळ जाते, हुंगते, अन् मागं फिरते. सारेच नर तसे करतेत. आता सांगा बाई, बहिणीच्या अंगाला कोण जाईल?"

रेवतीने हातातला चहाचा कप पायरीवर ठेवला. ज्या नाकाने परका ओळखायचा, त्याच नाकाने जोडीदारही ओळखायचा, हे तिने स्वतः वर्गात शिकवलं होतं. जन्मगंध वेगळा असेल तिथेच जोडी जमते. साठ जनावरं आता एकमेकांची सख्खी भावंडं झाली होती. जुन्या जोड्यासुद्धा.

पुढच्या हंगामात दूरच्या दुसऱ्या जंगलातून एक धडधाकट नर आणला. तिकडे अजून हे जीवाणू पोचले नव्हते, त्याचा वास त्याचाच होता. माजावर यायला आलेली भिंगरीची लेक आणि तो, दोघांना मोठ्या कुंपणात सोडलं. रेवती मचाणावर बसून राहिली.

पहिल्या दिवशी मादी शेपटी उंचावून त्याच्याभोवती फिरली. रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दोघं एकमेकांना चाटू लागली. तोंड, कान, शेपटीखालचा भाग. दिवस दिवस चाटत राहिली, कारण रानकुत्र्यांची सलगी तशीच सुरू होते. सहाव्या दिवशी मादी पुरती माजावर आली. नर तिच्या मागे गेला. त्याने हुंगलं, थबकला आणि कुंपणाच्या कडेला जाऊन अंग टाकलं. मादी त्याच्यापाशी गेली, तिनेही हुंगलं आणि बहिणीने भावापाशी टेकावं तशी त्याच्या पाठीला पाठ लावून झोपली.

त्या नराला परत पाठवायची सोय उरली नव्हती. त्याने आता तिकडचंही जंगल बुडवलं असतं.

"कृत्रिम गर्भधारणा करू," संध्याकाळी हरकरे म्हणाले. "बाहेरचं वीर्य आणू. पिलं तर होतील."

"होतील," रेवती म्हणाली. "आणि जन्मल्याबरोबर आई त्यांना चाटेल."