मुश्ताकने उतरवलेली तार

दिवे गेलेच आहेत तर ऐका. पण मध्येच उठायचं नाही.

आनंदा करंजाडे गावचा. माझ्या वर्गात होता. सातवीनंतर शाळा सोडून त्याने पनवेलात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. थापा मारणारा माणूस नव्हता. मला हे त्याने एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं, तर उठून गेला.

चौसष्ट सालची चार डिसेंबर. शुक्रवार, अमावास्या. रात्रीचे आठ वाजले असतील. त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या, मुश्ताकच्या, रेडिओचा व्हॉल्व्ह गेला होता. नवा बसवून आनंदाने तो रेडिओ सायकलला बांधला आणि खाडीकडच्या मोहल्ल्यात पोचवायला गेला.

मुश्ताकला रेडिओ बातम्यांसाठी नको होता. त्याच्याकडे बेस गिटार होती, चार जाड तारांची. तिला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. आनंदानेच वायर जोडून तो रेडिओतून काढून दिला होता. गिटार आणली होती थोरल्या भावाने, हाफिजने, जपानहून. हाफिज जहाजावर खलाशी. पुढच्याच फेरीत तुफानात समुद्रात पडला. प्रेतसुद्धा मिळालं नाही.

त्याला चार वर्षं झाली होती. त्याची बायको सुरैय्या सासरीच राहिली. शेवटी सासूनेच, कुबराचाचीने, तिच्यासाठी उरणचं स्थळ पाहिलं. रविवारी निकाह होता.

निकाह ठरल्यापासून मुश्ताकच्या जिवाला स्वस्थता नव्हती. भाभीला अडवायचं नव्हतं त्याला. पण भाऊ पुसला जातोय असं वाटायचं. हाफिज दाढी करताना, जाळं विणताना तोंड मिटून गुणगुणायचा, अगदी खर्जात. तो सूर गिटारीत सापडावा म्हणून मुश्ताक इरेला पेटला होता. रीतसर तारा लावून मिळेना. मग तो भलत्याच लावायला लागला. दोन तारा एकाच सुरात, तिसरी तुटेस्तोवर चढवलेली, आणि सगळ्यात जाड तार रोज थोडी थोडी उतरवलेली.

आनंदाने रेडिओ जोडला. चाचीने चहा दिला. मुश्ताकने खुंटी पिळली, तार छेडली. नाही. पुन्हा पिळली. नाही.

"बस कर ना रे," चाची म्हणाली. "डोकं दुखायला लागलं."

"एकदाच, अम्मी. शेवटचं."

तार इतकी सैल झाली की लाकडावर आपटून खडखडायला लागली. त्याने आणखी अर्धा पीळ सोडला. आणि ती घुमली. आनंदाच्या कपातला चहा थरथरला.

आतून सुरैय्या आली. हात पिठाचे तसेच.

"हाच," ती म्हणाली. "असंच गुणगुणायचे ते..."

मुश्ताक हसला. तारांवर पंजा ठेवला. तारा थांबल्या.

सूर थांबला नाही.

आनंदाने रेडिओचं बटण फिरवलं. आतला दिवा विझला.

"रेडिओ बंद हाय," तो म्हणाला. "मंग आवाज कुठना येतोय?"



बाहेरून येत होता. आधी खाडीकडून. मग गल्लीच्या तोंडाशी. मग... ओट्यावर.

तोंड मिटून कुणीतरी गुणगुणत होतं.

चाची उठली. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू. "हाफिज आला..."

तिचा हात दाराच्या आतल्या खिट्टीकडे गेला. सुरैय्या आडवी आली.

"अम्मी, नका उघडू."

"माझा पोर बाहेर उभा आहे गं!"

"अम्मी... चार वर्षं पाण्यात होते ते."

चाचीने हात मागे घेतला.

सुरैय्याने दोन्ही तळवे दारावर टेकवले. दार थरथरत होतं. ती फळीला तोंड लावून हळू बोलली.

"मी वाट पाहिली तुमची. रोज पाहिली. आता मी जाते आहे... मला माफ करा. तुम्हीपण जा."

सूर तुटला.

मग काहीच नाही. पाऊल नाही. कुत्रं नाही.

मुश्ताकने एकेक करून चारही तारा काढल्या. घरी जायला आनंदाचा पाय उचलेना. चौघं भिंतीला टेकून उजाडेपर्यंत बसून राहिली.

काय रे? निकाह? झाला. रविवारीच झाला. सुरैय्याचा संसार चांगला झाला, दोन मुलं झाली. मुश्ताकने गिटारला पुन्हा तारा लावल्या नाहीत.

पण त्या सकाळचं राहिलंच.

पहाटेची अजान होऊन उजाडायला लागलं तेव्हा कुठे आनंदाने खिट्टी काढली. दार उघडेना. मुश्ताकने खांदा लावला, तरी हलेना. शेजारी नमाजाहून परतत होते. त्यांना खिडकीतून हाक मारली. ते ओट्यावर चढले आणि जागीच थबकले.

"तुम्हाला कोंडलंय कुणी?"

बाहेरची कडी घातलेली होती. कडीवर दोर आवळलेला. जहाजावर मारतात तसली गाठ. शेजाऱ्यांनी नखं मोडली, पण सुटेना. शेवटी मुश्ताकने खिडकीतून सुरी दिली.

दोर कापला, तर त्यातून पाणी ठिबकलं.