पडण्याआधीची घंटा

पडण्याचा पगार मिळतो म्हटलं की लोक हसायचे, पण तिचं काम खरोखर तेच होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी कंपनी एक मनगटी घड्याळ बनवत होती. माणूस पडला की घड्याळ विचारणार, "पडलात का? मदत हवी का?" आणि घरच्यांच्या फोनवर घंटा वाजणार. बाजारात जाण्याआधी ते कुठे फसतंय का हे बघायचं, तर कोणीतरी पडायलाच हवं. म्हणून ती दिवसभर चाचणीच्या खोलीत जाड गाद्यांवर पडायची. पुढे, मागे, कुशीवर, खुर्चीतून घसरून. ऑफिसात तिचं नावच धडाम पडलं होतं.

घड्याळाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळे प्रोफेसर म्हणत. तो टेबलाशी बसून फोनवर नजर ठेवायचा.

त्या दुपारी फोन वाजला. त्याने वर पाहिलं, तर धडाम उभीच होती.

"अगं, पडलीस कुठे तू?"

"मी? मी केस बांधतेय." एवढं बोलून ती वळली, गादीच्या कडेत पाय अडकला आणि ती तोंडावर आपटली.

दोघं पोट धरून हसली. मग पुन्हा तसंच झालं. आधी घंटा, मग पडणं. तेव्हा हसणं थांबलं आणि दोघांच्या डोळ्यांत चमक आली.

"थांब," ती म्हणाली. तिने खिडकीचे गज दोन्ही हातांनी घट्ट धरले. "आता मी पडणारच नाही. बघू काय करतं ते!"

खोलीत फक्त पंख्याची घरघर होती. फोन वाजला. तिच्या घोट्याला काहीतरी गारेगार लागलं, ओल्या बोटांसारखं... आणि पायांखालची जमीनच कोणी ओढून घेतल्यासारखी ती कोसळली.

"वाजलं ना आधी? वाजलं ना?" पडल्यापडल्याच ती ओरडली. घोट्याचं सांगायचं ती आनंदाच्या भरात विसरूनच गेली.

सगळं ऑफिस गोळा झालं. कंपनी चालवणाऱ्या मॅडम तर टाळ्या पिटत होत्या. "पडण्याआधी सांगणारं घड्याळ! हे उद्याच बाजारात जाऊ दे."

"मॅडम, मी हे लिहिलेलंच नाही," प्रोफेसर चाचरत म्हणाला. "ते कसं कळतंय, मलाच माहीत नाही."

"जीव वाचतोय ना? मग झालं तर."

एवढ्यात धडामचा स्वतःचा फोन वाजला. बाहेरच्यांना देण्याआधी घड्याळं कर्मचाऱ्यांच्या घरच्या मंडळींना वापरायला दिली होती. एक तिच्या वडिलांच्या हातात होतं. पडद्यावर अक्षरं उमटली होती: बाबा पडले.

"नाही," ती पुटपुटली. "अजून नाही पडले!"

ती सुटलीच. प्रोफेसर तिच्यामागे. बाबांचं घर मागच्याच गल्लीत होतं. छाती फुटेस्तोवर धावताना भीतीपेक्षा तिला चेव जास्त चढला होता. आज पहिल्यांदाच कोणीतरी पडण्याच्या आधी पोचणार होतं!

तिने दार ढकललं. बाबा स्टुलावर चढून दिवा बदलत होते.

"अगं, तू या वेळेला?" म्हणत ते वळले, स्टूल कलंडलं, आणि तिने त्यांना वरच्या वर मिठीत झेललं. दोघं भिंतीला टेकून बसली. ती हसत होती, रडत होती, त्यांच्या टकलाचे मुके घेत होती.

"वेड लागलं का तुला? पडलो कुठे मी?"

"तेच तर, बाबा! तेच तर!"

प्रोफेसर दारात धापा टाकत उभा होता. घंटेबरोबर घड्याळ आजूबाजूचा आवाजही पाठवतं. मघाच्या घंटेबरोबर आलेला तो आवाज त्याने आपल्या फोनवर लावला. आधी धप्प. मग घड्याळाचा प्रश्न. मग तिचाच आवाज, हुंदके देणारा... "बाबा, उठा ना. उशीर झाला हो मला..."

हे ती कधी बोललीच नव्हती.

आवाज अजून चालूच होता. आता एक बाई बोलली. अगदी जवळून, समजूत घातल्यासारखी. "असू दे. आता पुढच्याचं बघू."

"ही... ही कोण?" प्रोफेसरने विचारलं.

"घड्याळातली बाई," बाबा सहज म्हणाले. "सकाळपासून तीच मागे लागली होती, दिवा बदला, दिवा बदला. चांगली बोलते हो."

"काका, आमचं घड्याळ फक्त तेवढा एक प्रश्न विचारतं. बाकी काही त्याला येत नाही."

"असं कसं? आत्ताही बोलतेय." त्यांनी मनगट कानाशी नेलं, मान हलवत ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी लेकीचा हात गच्च धरला.

"बाळ... तू रोज ऑफिसच्या जिन्यानेच उतरतेस का, विचारतेय."