काढून टाकलेली नोंद

"उंची?" हर्षदानं मान वर न करताच विचारलं.

"पाच फूट सात."

"शेती किती?"

"अडीच एकर, कोरडवाहू… पण मॅडम, शेतीचं इथे काय काम?"

"मुलीकडचे विचारतात ना!"

समोरचा तरुण खुर्चीत अवघडला. "मी लग्नासाठी नाही, नोकरीसाठी आलोय. श्रीरंगअण्णांनी पाठवलंय…"

हर्षदाचे कान तापले. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या वधू-वर मंडळात भांग पाडून येणारा प्रत्येक तरुण नाव नोंदवायलाच यायचा, म्हणून या बापड्यालाही तिनं संगणकात नवरदेव करून टाकलं होतं! घाईघाईनं तिनं सगळं पुसलं आणि पुसता पुसता तिला हसू फुटलं. त्या खोलीत ती इतकी मोकळी हसली, ती पहिल्यांदाच.

हसायला होतं तरी काय? तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा काविळीनं गेला, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती परत आईकडे आली, संगणक शिकली आणि अठ्ठ्याण्णव साली अण्णांच्या मंडळात दुसऱ्यांची लग्नं जमवायला बसली.

या नव्या माणसाचं, वाल्मिकचं, काम फिरतीचं. सोमवारी तो सगळ्या स्थळांच्या यादीची प्रत लॅपटॉपमध्ये घेऊन निघायचा… सुरतेजवळच्या सचिन गावच्या वस्त्या, पर्वत पाटिया, कधी थेट शहादा-दोंडाईचा. तो तिकडे नोंदी सुधारायचा, ही इकडे ऑफिसात. शनिवारी दुपारी वायर जोडून दोन्ही प्रतींचा मेळ घालायचा. त्याची भर तिच्या प्रतीत, तिची त्याच्या. एकच नोंद दोघांनी बदललेली असली, की मशीन अडून बसायचं आणि विचारायचं, कुणाची ठेवू? तिथे दोघांची जुंपायची.

"हिच्या वडिलांनी फॉर्मवर 'गोरी' लिहिलंय."

"मी बघून आलोय, मॅडम. सावळी आहे आणि छान आहे. सावळीच ठेवा."

"छानचा रकाना नाही आपल्याकडे."

"असायला हवा… काही जणींसाठी तरी." एवढं बोलून तो खाली मान घालून वायर गुंडाळत बसायचा, आणि हर्षदाला कागद कुठे ठेवला तेच आठवायचं नाही.

अख्ख्या सुरतेत बाईमाणूस दिसलं की 'बेन', म्हणजे बहीण. हा पठ्ठ्या मात्र मॅडमवर अडून राहिलेला. का, ते तिला कळत होतं… आणि कळू नये असंही वाटत होतं.

कारण त्याच यादीत तिचंही नाव होतं. आईनं, सुंदराबाईनं, घालायला लावलं होतं. वय सव्वीस, विधवा. तीन स्थळं येऊन गेली. तिसरा तर पंचेचाळिशीचा बिजवर. त्याच्या बहिणीनं चहाचा कप हातात धरूनच विचारलं, "नवरा आधीपासून आजारी होता, की ही घरात आल्यावर पडला?" आई बिचारी उत्तरं देत राहिली. हर्षदा तिथेच उभी होती, पण तिला कुणी काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या तिनं आपली नोंद काढून टाकली. लोकांनी आपल्याबद्दल लिहायचं, वाचायचं आणि नाक मुरडायचं… पुरे झालं! तिला एकदम हलकं वाटलं.

शनिवारी वाल्मिक शहाद्याला आईकडे राहून आला. वायर जोडली, मेळ सुरू झाला आणि मध्येच अडला. नोंद चारशे बारा. इथे काढली आहे, तिथे बदलली आहे. कुठली ठेवू?

ती हर्षदाचीच नोंद होती. तिनं त्याच्या प्रतीतली उघडली. 'मागणी घालणारं स्थळ' या रकान्यात लिहिलं होतं… वाल्मिक चिंधा पाटील. त्याच्या खालचा, 'वडीलधाऱ्यांची संमती' हा रकाना मात्र रिकामा. बिनलग्नाच्या मुलानं विधवेला मागणी घातल्याचं त्या यादीत एकही उदाहरण नव्हतं.

"तुमची आई नाही म्हणाली?" तिनं विचारलं.

"नाही म्हणाली असती तर भांडलो असतो. ती म्हणाली, 'तिले इचारं का रे तू?' मी म्हटलं, नाही. तर म्हणते, 'मंग माले काय इचारस?'"

हर्षदाचे डोळे भरून आले, आणि रागही आला. "बरोबर बोलल्या त्या! जो येतो तो माझ्याबद्दल परस्पर लिहून मोकळा होतो. तुम्हीसुद्धा?"

त्याचा चेहरा उतरला. "चुकलो… तोंडावर विचारायची हिंमत झाली नाही. तुम्ही नाही म्हणाला असतात, तर हे शनिवारचं येणंही गेलं असतं." त्यानं कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "तुमचीच प्रत खरी. काढून टाका."

एकदा बटण दाबलं की दोन्हीकडून तिचं नाव जाणार, आणि त्याबरोबर त्याची मागणीही. हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिनं बटण दाबलं. चारशे अकरानंतर चारशे तेरा.

वाल्मिक वायर गुंडाळू लागला. त्याला ती नीट गुंडाळता येईना. "येतो, मॅडम…"

"बसा." तिनं पदरानं डोळे पुसले. "यादीतून गेले मी. आता मला कुणी कागदावर बघायचं नाही. ज्याला विचारायचंय त्यानं माझ्याकडे बघून विचारावं."

त्यानं वायर खाली ठेवली. मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हर्षदा… माझ्याशी लग्न करशील?"

आपण रडू, असं तिला वाटलं होतं. पण तिचा आवाज अगदी स्वच्छ निघाला.

"करेन. पण तुमच्या आईंना तुम्ही सांगायचं नाही. मला शहाद्याला घेऊन चला… मीच सांगेन."